तेलाचं राज्य आणि मिठाची शहरं

अब्दुर्रहमान मुनीफ यांनी बेलग्रेड विद्यापीठातून तेलाच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, सीरियाच्या तेल खात्यात नोकरी केली, बगदादमध्ये तेल आणि विकास या विषयाला वाहिलेलं मासिक चालवलं, आणि मग पन्नाशीत अरबी भाषेतली तेलावरची सर्वांत मोठ्या पल्ल्याची कादंबरी लिहिली. पिंपाचा भाव कसा ठरतो, करारातली कलमं कुणाच्या बाजूने झुकलेली असतात, हे त्यांना धंद्याच्या आतून माहीत होतं. तरीही हा माणूस कादंबरीकडे वळला. तेलाच्या हिशेबात ज्याला रकानाच नाही असं काहीतरी त्यांनी पाहिलं होतं, आणि ते सांगायला अहवाल पुरा पडत नव्हता, असं मला त्यांची पुस्तकं वाचताना सतत वाटत राहतं.

‘मुदुन अल्-मिल्ह’, म्हणजे ‘मिठाची शहरं’, ही त्यांची पाच खंडांची कादंबरी १९८४ ते १९८९ या काळात प्रसिद्ध झाली. सौदी अरेबियाने तिच्यावर बंदी घातली. मुनीफ यांचे वडील सौदी आणि आई इराकी. जन्म १९३३ चा, अम्मानमधला. शिक्षण बगदाद, कैरो आणि बेलग्रेडला झालं, लेखन बगदाद, फ्रान्स आणि दमास्कसमध्ये. त्यांचं सौदी नागरिकत्व १९६३ सालीच काढून घेतलं गेलं होतं. तेलाने घडवलेल्या देशाची गोष्ट त्या देशाने नाकारलेल्या माणसाने लिहावी, हे योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. तेलाबद्दलचं बहुतेक महत्त्वाचं अरबी साहित्य अशाच माणसांनी लिहिलं आहे.

ही गोष्ट नीट समजायची तर आखाताचा तेलाच्या आधीचा किनारा पाहायला हवा. वाळू, उंट आणि अथांग शांतता हे त्याचं चित्र पर्यटनाच्या जाहिरातींनी रुजवलं आहे. प्रत्यक्षात कुवेत, बहरीन, दुबई ही गजबजलेली व्यापारी बंदरं होती. उन्हाळा आला की हजारो माणसं मोती काढायला होड्यांवर चढत आणि काही महिने समुद्रातच राहत. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर, आणि एका श्वासात तळ गाठून शिंपले गोळा करायचे. नाखवा हंगामाआधी बुड्यांना उचल देई. ती सहसा फिटत नसे, आणि बाप मेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. होड्यांवर गुलामही असत. या जगाबद्दल हळवं होण्याचं काही कारण नाही.

इथले मोती मुंबईला येत. मुंबईत त्यांची प्रतवारी होई, सौदे होत, आणि मग ते युरोपात जात. कुवेत-बहरीनच्या व्यापारी घराण्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. तिकडून खजूर आणि घोडे येत, इकडून तांदूळ, कापड आणि होड्यांसाठी मलबारचं सागवान जाई. चलन भारतीय रुपयाचंच चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळे रुपये छापले. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बाकीच्या अमिराती १९६५-६६ पर्यंत रुपयावरच होत्या. आज मुंबईच्या विमानतळावर आखाताच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण दोन पिढ्यांपूर्वी पैशाची दिशा वेगळी होती.

या जुन्या व्यवस्थेतली एक बाब पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. शेखाला व्यापाऱ्याची गरज होती. जकात व्यापाऱ्याकडून यायची, होड्यांवरची माणसं त्याच्या हाताखाली असायची. १९१० साली कुवेतच्या शेख मुबारक यांनी करांचा बोजा वाढवला, तेव्हा मोत्यांचे बडे व्यापारी आपल्या होड्या आणि माणसं घेऊन कुवेत सोडून निघून गेले. शेखाला त्यांची मनधरणी करून त्यांना परत बोलवावं लागलं. राज्यकर्ता जुलमी असला तरी प्रजा उठून गेली तर त्याची तिजोरी रिकामी होत असे. प्रजेच्या हातात ही एक ताकद होती.

१९३० च्या आसपास दोन तडाखे एकदम बसले. जपानमधल्या मिकिमोतो यांच्या संवर्धित मोत्यांनी बाजार काबीज केला आणि जागतिक मंदीने उरलासुरला ग्राहक नेला. किनाऱ्यावर उपासमार आली. सौदी राजा अब्दुल अझीझ यांचं मुख्य उत्पन्न हजच्या यात्रेकरूंकडून येई, तेही मंदीने आटलं. अशा हलाखीत २९ मे १९३३ रोजी जेद्दाच्या राजवाड्यात स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीशी करार झाला. राजाला पहिली उचल मिळाली ती पस्तीस हजार सुवर्ण नाण्यांची, जेद्दातल्या एका डच बँकेत एकेक नाणं मोजून. मोत्याच्या बुड्याला हंगामाआधी उचल मिळायची, तशीच राजालाही मिळाली. फरक एवढाच की या वेळी कर्ज फिटलं आणि फिटून पुष्कळ उरलं.

पाच वर्षं कंपनीच्या हाती फारसं काही लागलं नाही. दम्माम इथल्या पहिल्या विहिरींनी निराशाच केली. सातवी विहीर मार्च १९३८ मध्ये सुमारे १४४० मीटर खोलीवर फळाला आली. त्या कामात मॅक्स स्टाइनिके हे भूगर्भशास्त्रज्ञ होते, आणि खमीस बिन रिमसान हा बदू वाटाड्याही होता. खुणा नसलेल्या वाळवंटात अचूक वाट काढण्याबद्दल त्याची ख्याती होती. पुढे एका तेलक्षेत्राला त्याचं नाव दिलं गेलं. १ मे १९३९ रोजी रास तनुरा बंदरात राजाने स्वतः झडप उघडली आणि पहिलं जहाज तेल भरून निघालं.

त्याच १९३८ च्या फेब्रुवारीत कुवेतमध्ये बुर्गान इथे तेल लागलं. त्याच वर्षी कुवेतच्या व्यापाऱ्यांनी शेखाला एक निवडलेली सभा मान्य करायला लावली. तिने शाळा, न्यायदान आणि जकात यांत सुधारणा सुरू केल्या. सभेने तेल कंपनीकडून येणाऱ्या रकमेवर हक्क सांगितला तेव्हा शेखाने ती बरखास्त केली. वर्ष संपायच्या आत सभा संपली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी व्यापारी निघून गेले म्हणून तेव्हाचा शेख हवालदिल झाला होता. आता ते राहिले काय नि गेले काय, तेलाचा पैसा त्यांच्या हातातून यायचा नव्हताच. आखाताच्या इतिहासातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं वळण हेच आहे. विमानं, वातानुकूलित मॉल, उंच मनोरे हे सगळं त्यानंतरचं.

अर्थशास्त्रज्ञांनी याला पुढे ‘रेंटियर स्टेट’ असं नाव दिलं. इराणी अभ्यासक हुसेन महदवी यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९८७ मध्ये इजिप्तचे हाझिम अल्-बिब्लावी व इटलीचे जाकोमो लुचानी यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने ती अरब देशांना लावून दाखवली. खंडाने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर मालक बसून खातो, तसं हे राज्य परदेशी कंपन्यांकडून आलेल्या पैशावर चालतं. शेतीत, कारखान्यात, मासेमारीत लाखो हात लागतात, आणि ते हात थांबले की सगळ्यांना जाणवतं. तेलाचं तसं नाही. विहीर खणून झाली की दाबाने तेल वर येतं, पाईपलाईनने बंदरावर जातं, आणि हे चालू ठेवायला लोकसंख्येच्या मानाने मूठभर माणसं पुरतात. राज्य लोकांकडून कर घेत नाही, उलट त्यांना देतं: घर, वीज, दवाखाना, नोकरी. देणाऱ्याला जाब विचारता येत नाही. मुनीफ यांना हा सिद्धान्त त्यांच्या विषयाचाच भाग म्हणून परिचयाचा असणार. कादंबरीत मात्र त्यांनी सिद्धान्त कुठेच मांडला नाही. एका खेड्यातून सुरुवात केली.

कादंबरीच्या पहिल्या खंडाचं नाव ‘अल्-तीह’, म्हणजे भटकंती, वाट हरवणं. वादी अल्-उयून हे वाळवंटातलं झऱ्यांचं हिरवं खोरं. काफिले तिथे थांबतात, मुलं जन्मतात, काही जण दूरदेशी जातात आणि परततात. मग तीन परदेशी येतात. ते अरबी बोलतात, कुराणातलं जाणतात, आणि पाणी शोधतोय असं सांगतात. मुतइब अल्-हज्झाल या वयस्क माणसाला पहिल्या दिवसापासून संशय आहे. तो अमीराकडे तक्रार घेऊन जातो आणि अमीर त्याला सांगतो की पायाखाली सोन्याचे समुद्र आहेत, परके आपल्याला ते काढायला मदत करणार आहेत. मुतइबकडे युक्तिवाद नाही. त्याला फक्त आपली जागा माहीत आहे.

यानंतर बुलडोझर येतात आणि झाडं पाडली जातात. खोऱ्यातली खजुराची बाग एकेक झाड करत कोसळते, आणि आयुष्यात कधी न रडलेला मुतइब सर्वांसमोर रडतो. त्याच रात्री तो आपल्या उंटिणीवर बसून निघून जातो. पुन्हा कधीच परत येत नाही, पण लोकांना तो अधूनमधून दिसल्याचा भास होत राहतो. पुढे कंपनीच्या कामात काही बिघडलं की नाव त्याचंच निघतं. मोठ्या लेखकाची जाण इथे दिसते. मुतइबला बंडखोर नेता करून त्यांनी लढाई रंगवली नाही, त्याला नाहीसा केला. जागाच नाहीशी झाल्यावर माणूस दुसरं काय होणार?

पुढचं शहर हर्रान. समुद्रकाठी काही मातीची घरं होती, तिथे कंपनीचं बंदर उभं राहतं. एका बाजूला अमेरिकन हर्रान: सरळ रस्ते, हिरवळ, पोहण्याचे तलाव, कुंपण. दुसऱ्या बाजूला अरब हर्रान: पत्र्याच्या बराकी, उकाडा, गर्दी. कामावर घेताना बदूंना त्यांचे उंट विकून टाकायला लावतात. वरवर साधी अट, पण तिच्यामुळे माणूस मनात येईल तेव्हा उठून जाऊ शकत नाही. कुवेतचे व्यापारी १९१० मध्ये होड्या घेऊन निघून गेले होते. हर्रानच्या मजुराकडे आता निघून जाण्याचं साधनच उरलेलं नाही. मुनीफ यांनी या दोन गोष्टींचा संबंध कुठे जोडून दाखवलेला नाही, मला तो जाणवतो.

अमीर खालिद अल्-मिशारी हे पात्र वाचकाच्या मनातून जात नाही. एका व्यापाऱ्याने त्याला दुर्बीण भेट दिली आहे. अमेरिकन बायकांना घेऊन जहाज येतं तेव्हा सगळं हर्रान किनाऱ्यावर थिजून उभं राहतं, आणि त्यानंतर अमीराला दुर्बिणीचं वेड लागतं. मग रेडिओ, मग टेलिफोन. यंत्रामागे यंत्र येतं आणि त्याचा प्रजेशी संबंध सुटत जातो. हा माणूस मुळात क्रूर नाही. गावच्या कलहात बसून निवाडा करणारा जुन्या वळणाचा सरदार आहे तो. लोकांची गरज संपली की सत्तेचं काय होतं, हे त्याच्या वेड्या होत जाणाऱ्या मनातून दिसत राहतं.

त्याच्या समोर उभा आहे मुफद्दी अल्-जेदआन हा वैदू. तो डाग देऊन, जडीबुटी देऊन उपचार करतो आणि पैसे घेत नाही. शहरात सुबही अल्-महमिलजी हा शिकलेला डॉक्टर येतो, नेमकी दाद कुठून मिळवायची हे ओळखतो आणि पुढच्या खंडात थेट सुलतानाच्या दरबारात पोचतो. मुफद्दीला तुरुंगात टाकतात आणि शेवटी त्याचा खून होतो. इथे मी थोडा थबकतो. आधुनिक वैद्यकाने आखातात लाखो जीव वाचवले, आणि डाग देणाऱ्या वैदूला नायक करणं मला पूर्ण पटत नाही. पण मुनीफ यांचा रोख औषधावर नाही. जी सेवा माणूस माणसाला नुसती देत होता तिचा व्यवहार झाला, याची ही नोंद आहे. मुफद्दीच्या खुनाने आणि काही कामगारांना काढून टाकल्याने हर्रानमध्ये संप पेटतो, गोळीबार होतो, भ्रमिष्ट झालेला अमीर शहर सोडून जातो आणि कामगारांना परत कामावर घेतलं जातं. पहिला खंड इथे संपतो.

हे सगळं कल्पनेतलं राज्य आहे, सुलतानांची नावंही कल्पित. पण जाणत्या वाचकाला हर्रानमध्ये धहरान दिसतं. अरामको या तेल कंपनीच्या धहरान वसाहतीत अमेरिकन कुटुंबांसाठी हिरवळ, सिनेमा आणि थंड घरं होती. सौदी मजूर वेगळ्या छावणीत, सुरुवातीला झावळ्यांच्या झोपड्यांत राहत. वेतनश्रेणी वेगळी, सोयी वेगळ्या. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटालिस यांनी २००६ साली आलेल्या पुस्तकात दाखवलं आहे की अमेरिकेच्या खाणगावांत वंशभेदाची जी घडी होती तीच इथे आणली गेली. ऑक्टोबर १९५३ मध्ये सौदी कामगारांनी मोठा संप केला. पुढाऱ्यांना अटक झाली. १९५६ मध्ये पुन्हा निदर्शनं झाली, आणि त्या वर्षी राजाने फर्मान काढून संपावर बंदी घातली. कंपनीने आपल्या बाजूची कहाणीही लिहवून घेतली होती: वॉलेस स्टेग्नर या नामवंत अमेरिकन कादंबरीकाराकडून १९५० च्या दशकात तेलशोधाचा इतिहास लिहून घेतला आणि तो १९७१ साली पुस्तकरूपाने आला. तंबूत राहणाऱ्या धाडसी भूगर्भशास्त्रज्ञांची ती कथा आहे. त्याच घटना मुनीफ खोऱ्यातल्या माणसाच्या जागेवरून पाहतात.

ऑक्टोबर १९७३ च्या युद्धानंतर अरब देशांनी तेल रोखलं आणि जानेवारी १९७४ पर्यंत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासून जवळजवळ बारा डॉलरवर गेला. यानंतरचा बदल सगळ्यांना माहीत आहे. एका पिढीत झोपडीतून बंगला, उंटावरून विमान. यातलं चांगलं ते मोकळेपणाने चांगलं म्हटलं पाहिजे. गुलामगिरी कतारमध्ये १९५२ मध्ये, सौदी अरेबियात १९६२ मध्ये, ओमानमध्ये १९७० मध्ये कायद्याने संपली. मुलींच्या शाळा आल्या, बालमृत्यू घटले, कर्जात जन्मून कर्जात मरणारा मोत्याचा बुड्या इतिहासजमा झाला. त्याच्या नातवाला पुन्हा समुद्रात जा म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण त्याच वेळी नागरिकत्व हा तेलातला वाटा झाला, आणि वाटेकरी मोजून ठेवण्याची व्यवस्था आली. कुवेतच्या १९५९ च्या कायद्याने मूळ नागरिक कोण, तर १९२० पूर्वीपासून तिथे राहणारे, असं ठरवलं. ज्यांना ते सिद्ध करता आलं नाही ते ‘बिदून’ ठरले. बिदून म्हणजे ‘विना’, नागरिकत्वाविना. त्यांची मुलं-नातवंडं आजही बिदूनच आहेत. आणि कामासाठी बाहेरून आलेला माणूस तर ‘कफील’च्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या स्थानिक मालकाच्या मर्जीवर असे. नोकरी बदलायची, देशाबाहेर जायचं, तर त्याची परवानगी लागे. १९५० च्या दशकातल्या संपांचा धडा राज्यकर्ते आणि कंपन्या दोघांनीही घेतला होता. संप करणाऱ्याला काढायचं तर तो परका असलेला बरा, त्याला विमानात बसवून देता येतं.

म्हणूनच तेलाचं साहित्य परक्यांनी लिहिलं. गस्सान कनफानी हे पॅलेस्टिनी निर्वासित १९५० च्या दशकात कुवेतमध्ये शिक्षक होते. १९६३ साली आलेल्या त्यांच्या ‘रिजाल फिश्शम्स’ या छोट्या कादंबरीत तीन पॅलेस्टिनी पुरुष कामासाठी बसऱ्याहून कुवेतला चोरून जायला निघतात, पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून. ऑगस्टचं ऊन आहे. नाक्यावर पाच-सात मिनिटांचं काम. पण थंड खोलीत बसलेले कारकून ड्रायव्हरशी एका नाचणारीवरून चावट गप्पा मारत त्याला अडकवून ठेवतात. टँकर उघडतो तेव्हा तिघंही मेलेले असतात. त्यांनी आतून पत्रा का ठोकला नाही, हा प्रश्न कनफानी वाचकावर टाकतात. १९७२ साली तौफिक सालेह यांनी यावर चित्रपट काढला तेव्हा शेवट बदलला: माणसं ठोकतात, पण कचेऱ्यांच्या वातानुकूलन यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही. मला कादंबरीचा शेवट अधिक भेदक वाटतो, पण चित्रपटाच्या शेवटाने आखाताबद्दल जास्त सांगितलं. त्याच वर्षी, जुलैमध्ये, कनफानी बैरुतमध्ये मोटारीतल्या बाँबस्फोटात मारले गेले.

इब्राहिम नसरल्ला हेही निर्वासित कुटुंबातले. सौदी अरेबियातल्या कुन्फुदा या आडबाजूच्या भागात ते १९७६ ते १९७८ अशी दोन वर्षं शिकवत होते. त्यांची १९८५ ची कादंबरी ज्या प्रसंगाने उघडते तो असा: रात्री काही माणसं एका शिक्षकाच्या दारात येतात, तू मेलास असं त्याला सांगतात आणि त्याच्याच दफनखर्चाची वर्गणी मागतात. इजिप्तच्या इब्राहिम अब्देल मेगिद यांची सौदीतल्या तबुक शहरावरची ‘अल्-बल्दा अल्-उखरा’ ही कादंबरीही नोकरीसाठी गेलेल्या माणसाचीच. तिला १९९६ साली नजीब महफूज पदक मिळालं; या पदकाचं ते पहिलंच वर्ष. या दोन्ही पुस्तकांत खलनायक शोधूनही सापडत नाही. माणूस तिथे आहे, कामही करतो आहे, पण कुणाच्या लेखी तो हजर नाही.

मुनीफ यांची कादंबरी इंग्रजीत १९८७ मध्ये आली आणि तिचं पाश्चात्त्य स्वागत बोलकं होतं. जॉन अपडाइक यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये १९८८ साली तक्रार केली की लेखक पुरेसा पाश्चात्त्य वळणाचा नाही, त्यामुळे हे पुस्तक आपल्याला कादंबरीसारखं वाटत नाही. एका नायकाचा अंतर्मनाचा प्रवास त्यांना हवा होता आणि इथे तर सगळं गाव बोलत होतं. गावकीच्या सुरात गोष्ट सांगणं हा दोष आहे, हे मराठी वाचकाला पटणं अवघड आहे. अपडाइक यांना मुनीफ यांचं शिल्प कळलं नाही, एवढंच मी म्हणेन.

खरी दखल अमिताव घोष यांनी मार्च १९९२ मध्ये ‘न्यू रिपब्लिक’मधल्या लेखात घेतली. मसाल्याच्या व्यापाराने जगाला इतकं साहित्य दिलं, मग त्याहून कितीतरी मोठ्या तेलाच्या व्यापाराने ते का दिलं नाही, असा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेला हा विषय नकोसा आहे आणि अरबांना दुखरा, हे एक कारण. दुसरं अधिक खोल आहे. कादंबरीला एक जागा, एक भाषा, एक स्थिर समाज लागतो. तेलाचं जग बहुभाषी, फिरतं, कुठल्याच मातीत न रुजलेलं. घोष यांनी मुनीफ यांचं कौतुक केलं आणि नेमकं बोटही ठेवलं: हर्रानमध्ये अरब आणि अमेरिकन आहेत, पण पुढच्या काळात तिथे राबलेल्या आशियाई माणसांना जागा नाही. मला ही टीका रास्त वाटते. १९८० च्या दशकात आखाताचे रस्ते, इमारती आणि स्वयंपाकघरं ज्यांच्या हातांनी चालत होती त्यांची गोष्ट अरबीतल्या या महाग्रंथात येत नाही.

ती आपल्याकडच्या भाषांत आली, आणि कोकणीत तर ‘मिठाची शहरं’च्याही आधी. दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ १९८१ ची, १९८३ ची साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त. गोव्यातली कार्मेलीन मुलीच्या भवितव्यासाठी कुवेतला घरकामाला जाते आणि तिथे तिला शरीरानेही किंमत मोजावी लागते. मावजो तिला बिचारी करत नाहीत, तिच्यावर निवाडाही देत नाहीत. गोव्यात, रत्नागिरीत, रायगडात ज्या गावांतले पुरुष आखातात गेले तिथली नवी घरं, लग्नं, शाळेच्या फिया या पैशावर उभ्या राहिल्या, आणि त्यामागे घरी न बोललेलं किती होतं, ते या कादंबरीमुळे कळतं. बेन्यामिन यांची मल्याळम ‘आडुजीवितम्’ २००८ मध्ये आली: सौदी वाळवंटात शेळ्या राखायला जुंपलेला नजीब, ज्याला पगार नाही, आंघोळ नाही, बोलायला माणूस नाही. तिच्यावर आखातात बंदी आली, केरळात मात्र ती घराघरांत पोचली.

मग आखाताच्या आतूनही आवाज येऊ लागले. कुवेतचे सऊद अल्-सनौसी यांच्या ‘साक अल्-बाम्बू’ला २०१३ मध्ये अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिचा नायक कुवेती बाप आणि फिलिपिनो मोलकरीण यांचा मुलगा. कागदाने कुवेती, चेहऱ्याने परका. घराण्याचं नाव सांभाळायला त्याला नोकरांच्या खोलीत ठेवतात. नागरिकांपैकीच एका तरुण लेखकाने हे लिहिलं आणि कुवेतमध्ये ते वाचलं गेलं, हे मोठं पाऊल होतं.

त्याआधी २०११ मध्ये हाच पुरस्कार सौदी लेखिका रजा आलम यांना मोरोक्कोच्या मुहम्मद अल्-अशअरी यांच्याबरोबर विभागून मिळाला होता. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आलम मक्केच्या. त्यांच्या ‘तौक अल्-हमाम’मध्ये मक्केतल्या एका जुन्या गल्लीत स्त्रीचा मृतदेह सापडतो, आणि गोष्ट सांगू लागते ती गल्लीच. मुनीफ यांनी शहर नसलेल्या जागी शहर उगवताना दाखवलं होतं. आलम यांना चौदाशे वर्षांहून जुनं शहर पाडलं जाताना पाहावं लागलं. काबेच्या शेजारच्या टेकडीवरचा अज्याद हा उस्मानी काळातला किल्ला २००२ साली जमीनदोस्त झाला, आणि तिथे सुमारे ६०० मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा, हॉटेलं आणि दुकानं उभी राहिली. मुतइब अल्-हज्झालला निदान आपली झाडं कुणी पाडली ते बोटाने दाखवता येत होतं. आलम यांच्या गल्लीवर डोळा ठेवणाऱ्यांत परका भूगर्भशास्त्रज्ञ नाही. तिथले बांधकामवाले, दलाल आणि जमिनीचे मालक त्यांच्याच भाषेत बोलतात, त्यांच्याच मशिदीत नमाज पढतात, आणि तेलाच्या पैशाबद्दल आता भांडायचं आहे ते त्यांच्याशी.